मुंबई-गोवा महामार्गावरून समुद्र का दिसत नाही?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: बोरिवलीहून स्वतःच्या गाडीने पहिल्यांदाच कुडाळला निघाला आहात. आठवीतली मुलगी नकाशा घेऊन बसली आणि म्हणाली, 'कोकण म्हणजे समुद्रकिनारा, मग कोकणचा महामार्ग समुद्राकडेने का जात नाही?' त्याला जोडून तुमचे दोन प्रश्न आहेत. हा रस्ता आखला कुणी, आणि चौपदरी व्हायला एवढी वर्षं का लागली? शिवाय या रस्त्याने जावं की कोल्हापूरवरून, हेही विचारलंय.

मुलीचा प्रश्न आधी घेतो, कारण तुमच्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं त्याच्याच पोटात आहेत. मी सरकारी बांधकाम खात्यात 31 वर्षं होतो. त्यातली 19 रायगड आणि रत्नागिरी जिल्ह्यांत गेली, बहुतेक पुलांच्या कामावर. गाव खेड तालुक्यातलं, आता मुक्काम मुलुंडला. रस्ता नदीकडून बघायची सवय लागली आहे, म्हणून उत्तरही तिथूनच येणार.

आधी एक दुरुस्ती. नाव मुंबई-गोवा असलं तरी हा महामार्ग मुंबईत सुरू होत नाही. त्याचं शून्य किलोमीटर पनवेलजवळ पळस्पे फाट्याला आहे. 1973 मध्ये वाशीचा खाडीपूल झाला, त्याआधी मुंबईकराला ठाणे-मुंब्र्याचा वळसा घालून पनवेल गाठावं लागे. आता जानेवारी 2024 पासून शिवडीहून अटल सेतूने चिर्ल्याला उतरून पळस्प्याला येता येतं. जुना क्रमांक 17 होता. 2010 मध्ये देशभरातल्या महामार्गांचे क्रमांक बदलले. उत्तर-दक्षिण रस्त्यांना सम आकडे, आणि ते पूर्वेकडून पश्चिमेकडे वाढत जाणारे, म्हणून पश्चिम किनाऱ्याच्या या रस्त्याच्या वाट्याला 66 आला. रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या तीन जिल्ह्यांतून सुमारे 470 किलोमीटर जाऊन तो पत्रादेवीला गोव्यात शिरतो आणि पुढे थेट कन्याकुमारीपर्यंत जातो.

आता मुलीला नकाशावर एक काम सांगा. पनवेल, नागोठणे, महाड, खेड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर, खारेपाटण आणि बांदा या गावांवर पेन्सिलीने टिंबं करायची. मग प्रत्येक टिंबावरून नदी धरून पश्चिमेला जायचं. नागोठण्याची अंबा धरमतरच्या खाडीत जाते. महाडची सावित्री बाणकोटला. खेडची जगबुडी चिपळूणच्या वाशिष्ठीला मिळते आणि दोघी मिळून दाभोळला. संगमेश्वरची शास्त्री जयगडला, राजापूरची अर्जुना जैतापूरच्या खाडीत, खारेपाटणची नदी विजयदुर्गला आणि बांद्याची तेरेखोल तिच्याच नावाच्या किल्ल्यापाशी. पश्चिमेचं झालं की त्याच टिंबांवरून पूर्वेला जायचं. पनवेलच्या मागे बोरघाट, महाडच्या मागे वरंध, चिपळूणच्या मागे कुंभार्ली, संगमेश्वरच्या मागे आंबा, राजापूरच्या मागे अणस्कुरा, खारेपाटणच्या मागे गगनबावडा आणि फोंडा, बांद्याच्या मागे आंबोली.

काय दिसतं? ही सगळी गावं जुनी बंदरं आहेत, पण समुद्रावरची नव्हेत. भरतीचं पाणी खाडीतून आत चढत जिथवर येतं, तिथवर पडाव आणि मचवे या मालवाहू होड्या येत. तिथे माल उतरायचा, बैलांच्या पाठीवर चढायचा आणि घाटाने देशावर जायचा. देशावरून आलेला माल तसाच उलट जायचा. कोकणातल्या बाजारपेठा खाडीच्या या आतल्या टोकाला वसल्या, कारण होडी आणि बैल यांची गाठ तिथेच पडत होती. हा व्यापार किती जुना आहे हे बघायचं असेल तर महाडला शिरताना डोंगराच्या कुशीतली गांधारपाल्याची बौद्ध लेणी बघा, गाडीतूनसुद्धा दिसतात. खारेपाटणला शिलाहार राजा रट्टराजाचा इसवी सन 1008 चा ताम्रपट सापडला आहे. राजापूरला इंग्रजांची वखार होती आणि शिवाजी महाराजांनी ती 1661 मध्ये लुटली. नागोठण्याला अंबा नदीवर निजामशाही काळातला दगडी पूल आहे. संगमेश्वरच्या कसब्यात 1689 मध्ये संभाजी महाराज पकडले गेले. एवढा इतिहास एकाच रस्त्यावर कसा, याचं उत्तर या टिंबांत आहे. ही ठिकाणं आधीपासून महत्त्वाची होती, रस्ता त्यांच्याकडे नंतर आला.

म्हणजे पूर्व-पश्चिम वाटा फार जुन्या. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी त्यांतल्या बऱ्याच घाटांचे गाडीरस्ते केले. उत्तर-दक्षिण रस्ता मात्र सगळ्यात शेवटी आला, कारण त्याची गरज समुद्र भागवत होता. आमच्या आजोबांची पिढी गिरणीत नोकरीला आली ती बोटीने. दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत बोट जायची. पावसाळ्यात ही लांब पल्ल्याची बोट बंद. मग चार महिने कोकण मुंबईपासून तुटायचं. 17 जुलै 1947 ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली आणि 600 हून अधिक माणसं गेली. आमच्या घरात त्या दिवसाबद्दल मोठी माणसं आवाज खाली आणूनच बोलत. बारमाही रस्त्याची ओढ कोकणाला का लागली, हे समजायला एवढं पुरे.

तेव्हा 'आखला कुणी' याचं माझं उत्तर असं: एका कुणी नाही. घाटवाटांची खाडीकडची टोकं एकमेकांना जोडत, तुकड्यातुकड्यांनी हा रस्ता तयार झाला. पुढे 1961 ला गोवा मुक्त झाला, ट्रकची आणि एसटीची वाहतूक वाढली, आणि त्या तुकड्यांना एका महामार्गाचं काम करावं लागलं.

पण मग किनाऱ्यानेच रस्ता का नाही काढला? इथे पूल बांधणाऱ्याची अडचण समजून घ्या. दाभोळ, जयगड, बाणकोट इथे खाडीचं मुख प्रचंड रुंद असतं, आणि तळाशी खाजणाचा, म्हणजे भरतीने भिजणाऱ्या दलदलीचा, चिखल. तरुणपणी एका खाडीवर आम्ही पायाची चाचणी घेत होतो. बोअरचं नळकांडं वर काढलं की नुसता काळा गाळ, दुसऱ्या दिवशी आणखी खोल जावं तरी तोच गाळ. जुन्या काळी पूल म्हणजे दगडी कमानी, आणि कमानीला पायाखाली खडक लागतोच. तो हवा तर नदीने वर जायला हवं, जिथे पात्र अरुंद होतं आणि तळाचा कातळ उघडा पडतो. वर किती जायचं? भरती जिथे संपते त्याच्या आसपास. म्हणजे फिरून त्याच बंदरगावांपाशी आलो. व्यापाऱ्याला जी जागा सोयीची होती तीच पूल बांधणाऱ्यालाही सोयीची निघाली.

दुसरं कारण आपल्या किनाऱ्याच्या घडणीत आहे. रत्नागिरी-देवगडकडे जांभ्या दगडाचा सडा, म्हणजे उघडं कातळी पठार, थेट समुद्रापर्यंत येतो आणि कड्यासारखा तुटतो. सलग सपाट पट्टी फार थोडी. हाच महामार्ग पुढे कर्नाटकात मरवंतेला गेला की एका हाताला समुद्र आणि दुसऱ्या हाताला नदी, मधून रस्ता. तिथे ती पट्टी आहे, आपल्याकडे नाही. किनाऱ्याने रस्ता न्यायची कल्पना महाराष्ट्रातही जुनीच आहे. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाचा आग्रह बॅरिस्टर अंतुल्यांनी धरला होता. खाड्यांमुळेच तो तुकड्यांत राहिला. त्या वाटेने गेलात तर दिघी-आगरदांडा, वेश्वी-बागमांडला, दाभोळ-धोपावे, जयगड-तवसाळ अशा ठिकाणी गाडी फेरीबोटीत चढवावी लागते. मजा येते, पण लहान मुलं आणि सामान घेऊन एका दिवसात कुडाळ गाठायचं असेल तर तो नाद नको.

जागेची ही निवड शहाणपणाची होती, पण तिची किंमत आहे आणि ती कोकण दर पावसाळ्यात मोजतं. खाडीचं आतलं टोक म्हणजे वरून सह्याद्रीचं पाणी आणि खालून समुद्राची भरती यांची भेटीची जागा. पावसाचा जोर आणि अमावस्या-पौर्णिमेचं उधाण एका वेळी आलं की नदीला समुद्रात उतरायला वाट मिळत नाही, पाणी मागे फुगतं. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं तेव्हा गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर होती. त्याच पुरात वाशिष्ठीच्या जुन्या पुलाला जोडणारा रस्ता खचला आणि महामार्ग बंद पडला. महाड, खेड, संगमेश्वर, राजापूर, खारेपाटण, बांदा: पुराच्या बातम्यांत दरवर्षी हीच नावं ऐकता ना? मुलीच्या नकाशावरची टिंबं हीच आहेत.

2 ऑगस्ट 2016, आषाढी अमावस्येची रात्र. महाड आणि पोलादपूरच्या मध्ये सावित्रीवरचा 1928 चा दगडी कमानींचा पूल पुरात गेला. अंधारात दोन एसटी गाड्या नदीत गेल्या, एक जयगडहून मुंबईला आणि एक राजापूरहून बोरिवलीला येणारी. तुम्ही बोरिवलीचे आहात म्हणून मुद्दाम सांगतो, त्या गाडीत तुमच्याच भागातली माणसं घरी परतत होती. नवा पूल 165 दिवसांत उभा राहिला आणि जून 2017 मध्ये सुरू झाला. पूल लवकर होऊ शकतो हे त्यामुळे सगळ्यांना दिसलं. मला मात्र त्या घटनेनंतर कितीतरी रात्री झोप लागली नाही. दगडी कमान वरून धडधाकट दिसते. तिचा जीव पाण्याखाली, पायाच्या सांध्यांत असतो, आणि पूर तिथला चुना आणि गाळ ओढून नेत असतो. वरून बघून तिची तब्येत कळत नाही. पाण्याखाली उतरून, दगड न् दगड ठोकून बघावं लागतं. हे काम कंटाळवाणं असतं, त्याचं उद्घाटन होत नाही आणि निधी मागताना ते नेहमी यादीच्या तळाशी जातं.

पुलाची उंची ठरवतानासुद्धा कागदापेक्षा गावच्या माणसाचं ऐकावं, हे मी एका म्हाताऱ्या तरीवाल्याकडून, म्हणजे नदीपार नेणाऱ्या होडीवाल्याकडून, शिकलो. आमच्याकडे त्या नदीच्या पुराच्या जुन्या नोंदी अपुऱ्या होत्या. मी हिशेब करून एक पातळी काढली. तो म्हणाला, 'साहेब, पाणी देवळाच्या तिसऱ्या पायरीला लागलं होतं, माझ्या बापानं तिथं खूण केली आहे.' पायरी माझ्या पातळीच्या जवळजवळ दीड मीटर वर निघाली. वरिष्ठांना खर्च वाढतो म्हणून ते पटेना. खूप पत्रं लिहिली, शेवटी पूल उंच झाला. पुढच्या एका पुरात पाणी त्या पायरीच्याही वर गेलं. तो पूल आजही उभा आहे, आणि त्यावरून जाताना मी गाडीचा वेग कमी करतोच.

नद्यांबद्दल बोललो, आता डोंगर. सह्याद्रीच्या सोंडा पश्चिमेला उतरतात आणि दोन नद्यांमध्ये एकेक सोंड आडवी येते. रस्ता उत्तर-दक्षिण, सोंडा पूर्व-पश्चिम, म्हणून प्रत्येक नदीनंतर एक चढ. कर्नाळ्याची खिंड, सुकेळी खिंड, मग सावित्री आणि जगबुडी यांच्यामधला कशेडी घाट, भोस्ते घाट, वाशिष्ठीकडे उतरणारा परशुराम घाट, चिपळूण सोडलं की कामथे, पुढे निवळी, अंजणारी. ही लय एकदा ध्यानात आली की गाडी चालवताना पुढचं वळण अंदाजाने कळू लागतं. कशेडीला आता सुमारे 2 किलोमीटरचा जोडबोगदा आहे. 2023 च्या गणपतीत त्याची एक बाजू हलक्या गाड्यांसाठी उघडली. घाटात जिथे 40-45 मिनिटं जायची तिथे आता दहाएक मिनिटांत पार होता. परशुराम घाटाचं तसं नाही. तिथे डोंगर उभा कापून रस्ता रुंद केला आहे आणि माती सैल आहे, म्हणून पावसात दरडीचा धोका राहतोच.

आता चौपदरीकरण. नुसतं 'भ्रष्टाचार' म्हणून हात झटकणं सोपं आहे. अनास्था होती, मी ती जवळून पाहिली आहे. पण कारणांची गुंतागुंत समजून घ्या. पहिलं, काम दोन हातांत गेलं. पळस्पे ते इंदापूर हे 84 किलोमीटर केंद्राच्या राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, आणि इंदापूर ते झाराप हे सुमारे 366 किलोमीटर राज्याच्या बांधकाम खात्यातल्या महामार्ग शाखेकडे. इंदापूर म्हणजे रायगडातलं, पुण्याकडचं नव्हे. पहिला टप्पा 2011 मध्ये सुरू झाला आणि सर्वांत जास्त तोच रखडला. कर्नाळ्याचं पक्षी अभयारण्य मध्ये येतं, त्याची वनखात्याची परवानगी वेगळी. ठेकेदारांचे पैसे संपले, काम थांबलं, नवे ठेकेदार आले. गंमत बघा, झाराप ते पत्रादेवी हा सगळ्यात शेवटचा तुकडा त्याच्या कितीतरी आधी चौपदरी झाला होता.

दुसरं कारण कोकणचा सातबारा. देशावर एका गटाला दोन-चार मालक असतात. आमच्याकडे पाच गुंठ्यांच्या तुकड्यावर तीस-पस्तीस नावं. त्यातली निम्मी मुंबईत, काही परदेशात, काही माणसं वारलेली आणि वारसनोंद झालेली नाही. मोबदला कुणाच्या हातात द्यायचा? आंबा-काजूची झाडं वेगळी मोजायची, घराचा जोता वेगळा, पाटाचं पाणी वेगळं. त्या बैठकांना मी बसलो आहे. एका म्हातारीला पैसे नको होते, तिला तुळशीवृंदावन हलवायचं नव्हतं. ते आम्ही मागे घेऊन पुन्हा बांधून दिलं. रस्ता रुंद होतो तेव्हा कुणाची तरी पडवी जाते, आणि हे समजून न घेता घाई केली की मोजणीवाले गावातून परत पाठवले जातात.

तिसरं म्हणजे पाऊस. कामाचे महिने खरं तर दिवाळी ते मे. अर्धवट कापलेला डोंगर आणि अर्धवट भराव पावसाळ्यात तसाच सोडला की जूनमध्ये तो खाली येतो आणि पुढच्या हंगामाचे दोन महिने तो उचलण्यात जातात. डांबराचंही तेच. खड्डा डांबर वाईट म्हणून पडतो असं लोकांना वाटतं, पण बहुतेक वेळा दोष बाजूच्या गटाराचा असतो. पाणी रस्त्याखाली साचलं, वरून ट्रक गेले, की खडी सुटते. म्हणून पुढे बहुतांश रस्ता काँक्रीटचा करायचं ठरलं. काँक्रीटलाही गटार लागतंच. खात्यात मी कुणालाही हेच सांगत आलो: आधी मोरी (रस्त्याखालून पाणी जायची वाट) आणि गटार, मग रस्ता.

तुमच्या प्रवासाबद्दल. या रस्त्याने जावं की द्रुतगती मार्गाने कोल्हापूर गाठून घाट उतरावा, हे तुम्ही कधी जाता यावर अवलंबून आहे. भर पावसात किंवा गणपतीच्या आदल्या दोन दिवसांत बरेच लोक कोल्हापूरवरून गगनबावडा, फोंडा किंवा आंबोली घाटाने येतात. अंतर वाढतं, रस्ता मोकळा मिळतो. पण हे घाट पावसात दरडीने किंवा दुरुस्तीसाठी बंद असतात, म्हणून निघण्याच्या दिवशी चौकशी करा. नोव्हेंबर ते मे असेल तर सरळ 66 ने जा. पहाटे चारच्या सुमाराला घर सोडा. इंदापूर आणि माणगावच्या बाजारपेठा हा वर्षानुवर्षांचा अडथळा आहे, तो सकाळी आठच्या आत मागे टाकायला हवा. जिथे रस्ता चौपदरीवरून अचानक दुपदरी होतो, किंवा पुलाआधी वळवलेला असतो, तिथे अपघात जास्त. रात्री तर पाट्या दिसतही नाहीत. नवखे असाल तर रात्रीचा प्रवास टाळा. मार्च 2013 मध्ये खेडजवळ जगबुडीच्या पुलावरून गोव्याहून येणारी खाजगी बस पहाटेच्या अंधारात खाली गेली आणि 37 माणसं दगावली. तो पूल माझ्या गावच्या वाटेवरचा.

आणि मुलीला समुद्र दाखवायचाच असेल तर रस्त्यात एक सोपी जागा आहे. खारेपाटण मागे टाकलं की थोड्याच अंतरावर तळेरे लागतं. तिथे डावीकडचा रस्ता वैभववाडीवरून गगनबावड्याच्या घाटाकडे चढतो आणि उजवीकडचा विजयदुर्गला उतरतो. एका हाताला घाट, दुसऱ्या हाताला बंदर, आणि आपण मधल्या चौकात उभे. चहाला तिथेच थांबा, तिला नकाशा उघडायला सांगा. मग वेळ असेल तर उजवीकडे वळा. विजयदुर्गच्या तटावरून खाडी आत खारेपाटणकडे कशी वळत जाते ते भरतीच्या वेळी फार छान दिसतं. तारीख ठरली की कळवा, त्या दिवशीची भरतीची वेळ मी पंचांगातून काढून देईन.